पाच आठवडे, एकच खड्डा

"हा खड्डा आहे की मुतारी?"

"मावशी, आधी बसा तरी. टाके काढून किती दिवस झाले तुमचे?"

"टाके माझे, गुडघा माझा. तू खड्ड्याचं बोल."

"आता पाहुणे आहेत, पितात, बाहेर जातात. प्रत्येकाच्या मागे मी काय बादली घेऊन पळू?"

"मुतले त्याचं कुठे म्हणतेय मी? मुतू देत. पण पिवळं कुठवर गेलंय ते बघितलंस का? पार तळापर्यंत. तळाशी सॉसेजची सालं गोठलीत, त्यांच्यावर सिगारेटची थोटकं, त्यांच्यावर कॉफीचा चोथा. बर्फाचे नसतील इतके थर तुझ्या उकिरड्याचे आहेत! याचा अर्थ कळतो तुला?"

"घाण झालीय. साफ करून घेतो ना."

"याचा अर्थ, वेंडेलीन, मी खाली गेल्यापासून तू नवा खड्डा खणलाच नाहीस."

वेंडेलीनने पळी चाटली आणि तीच परत कोबीच्या सूपात बुडवली. हे तो रोज करतो. तात्रा पर्वतातल्या या मुक्कामघराच्या स्वयंपाकघरात मी नऊ हिवाळे काढलेत, त्यातले चार त्याच्या हाताखाली, आणि त्या सूपाचा एक घोटही मी कधी घेतलेला नाही. पाहुण्यांसमोर हाच माणूस मेणासारखा मऊ हसतो.

"भिंत कापली होती मी," तो म्हणाला. "तुम्ही शिकवलं तशी. फावडं आपटलं. तीसच्या तीस वेळा. हलली नाही. म्हणून तर दोन आकडा दिला."

"कधी आपटलंस?"

"पहिल्या आठवड्यात."

"आणि नंतर?"

"नंतर एकदा."

"त्याच भिंतीवर?"

"भिंत तर भिंत, मावशी. बर्फच ना तो?"

ओतिलियामावशीने कुबडी टेबलाला टेकवली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"उघडी पडलेली भिंत म्हणजे शिळा पाव," ती हळू बोलली. "हवा लागते, थंडी लागते, दगड होते. त्या दगडावर तू फावडं आपटलंस, तो हलला नाही, आणि तू अख्ख्या दरीला सांगितलंस की डोंगर हलत नाही."

ओतिलियाचं सांगायचं तर ती एकोणिसाव्या वर्षी बटाटे सोलायला वर आली. तेव्हाचा मालक रोज सकाळी साडेसहाला बर्फात रोवलेल्या खुंटावर उंची वाचायचा, तापमान घ्यायचा आणि खाली हिमस्खलन केंद्राला फोन करायचा. त्याचे डोळे गेले तेव्हा वाचायला त्याने हिला धरलं. तो गेला, मालक बदलत राहिले, खुंट हिच्याकडे राहिला. केंद्राच्या यादीत आमची जागा चौदा नंबरची. एकतीस हिवाळ्यांत चौदा नंबरचा रकाना एक दिवस कोरा गेला नव्हता. ताप असला तरी हिने वाचन घेतलं. आई वारली त्या दिवशीही आधी खुंट वाचला, मग खाली गेली, तिला माती दिली, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्याच काळ्या कोटात खुंटाशी हजर. लग्न एकदा केलं होतं, एका बसचालकाशी. तो सगळ्याला 'असेल साधारण' म्हणायचा म्हणून हिने त्याला सोडला, असं हमाल सांगतात. ती स्वतः त्यावर काही बोलत नाही. विचारलं तर म्हणते, "बस बरी चालवायचा."

दर गुरुवारी ती मागच्या सावलीच्या उतारावर खणायची. शेजारच्याच कावळ्याच्या घळीचं तोंडही त्याच बाजूला आहे, म्हणून तिथे. दर वेळी हातभर पुढे, न तुडवलेल्या बर्फात, नवी कोरी भिंत. मग त्या भिंतीतून हातभर रुंदीचा खांब करवतीने सुटा करायचा, वर फावडं पालथं ठेवायचं आणि आपटायचं: दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. खांब कितव्याला तुटला त्यावरून ती आकडा ठरवायची, एक ते पाच. पाचला कोणी दाराबाहेर पडत नाही, एकला कोणी विचारत नाही. माणसं मरतात ती तीनला, कारण तीनला आभाळ निळं असतं.

तो आकडा खाली हमालांच्या कोठारात जायचा. वर यायला गाडी नाही. पिठापासून बिअरपर्यंत सगळं लाकडी चौकटीवर बांधून हमाल पाठीवर आणतात. त्यांच्या फळ्यावर त्यांचा म्होरक्या ब्लाझेय रोज खडूने लिहितो: 'ओतिलिया: २'. किंवा ३. दोन असेल तर दुफाट्यापासून घळीची वाट, दोन तास. तीन असेल तर जंगलाची, पाच तास. केंद्राचं पत्रक ते वाचत नाहीत. फळ्यावरचं नाव वाचतात.

दहा जानेवारीला तिच्या गुडघ्याने दगा दिला. स्ट्रेचरवर झोपलेली असताना तिने वेंडेलीनला केंद्राला फोनवर सांगायचा परवलीचा शब्द दिला आणि दम भरला, "रकाना कोरा ठेवू नकोस." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या दिवसापासून पाच आठवडे चौदा नंबरचा आकडा रोज वेळेवर जात राहिला. दोन. दोन. दोन. हमालांना वेंडेलीनने सांगितलं, "मी खणतो, मावशींना फोटो धाडतो, त्या बघून आकडा देतात." आणि मी काय करत होते? मागच्या दाराशी उभी राहून, त्या पिवळ्या खड्ड्याकडे बघत भांडी विसळत होते. मलाही कोणी विचारलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही.

"हमाल कुठे आहेत?" तिने एकदम विचारलं.

तो ईस्टरपूर्वीच्या उपासाचे चाळीस दिवस लागण्याआधीचा शेवटचा शनिवार होता. ऐंशी पाहुणे, मुखवटे, अकॉर्डियन, तळलेल्या गोळ्यांची परात. सात हमाल बिअरची पिंपं घेऊन निघाले होते.

"नऊला निघालेत," वेंडेलीन म्हणाला. "अकराला दुफाट्यावर. तिथे चहा घेतात."

दुफाट्यावर घळीची वाट आणि जंगलाची वाट वेगळ्या होतात. खालून तिथवरच्या दोन तासांच्या रस्त्यात फोन फक्त तिथेच लागतो. घड्याळात सव्वादहा झाले होते.

"फावडं घे," ओतिलिया म्हणाली.

"कोण, मी? मावशी, ऐंशी माणसांचा स्वयंपाक—"

"झोफ्का करेल स्वयंपाक. नाही, झोफ्का, तूही चल. करवत आण. कोणीतरी मोजायला हवं, आणि याच्या मोजण्यावर माझा विश्वास नाही," ती माझ्याकडे वळून म्हणाली.

निघण्याआधी मी ते कोबीचं सूप उचलून मोरीत ओतलं. वेंडेलीन बघत राहिला.

बाहेर लख्ख ऊन, वारा नाही, आभाळ निळं. खड्ड्यापासून वीस पावलं वर, जिथे कोणाचा पाय पडला नव्हता तिथे, ओतिलिया घसरगाडीवर ताठ पाय पसरून बसली. मध्यरात्रीच निघून डोंगरपथकाच्या लोकांनी सकाळी तिला याच गाडीवरून जंगलवाटेने वर ओढत आणलं होतं.

"खण."

"किती?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

तो खणू लागला. अंगात पाहुण्यांना भेटायचं लाल जाकीट. कमरेइतकं खोल गेल्यावर त्याचा घाम त्या जाकिटातून वाफेसारखा निघाला, आणि कालची दारू आणि तळणीचा वास माझ्यापर्यंत आला.

"मावशी, हात सोलले माझे."

"सोलू देत. पाच आठवड्यांचे एकदम खणतोयस, लागणारच."

"तुम्हाला वाटतं मी मुद्दाम केलं? तुमच्यासाठीच केलं मी! रकाना कोरा राहिला असता तर केंद्राने दुसऱ्या कोणालातरी धाडलं असतं. तुमची जागा गेली असती. मी तुमचं नाव राखलं."

"माझं नाव," ती म्हणाली. "बरोबर. माझंच राखलंस. थांब आता. भिंत सरळ कर. सरळ म्हणजे सरळ, तुझ्या हिशेबासारखी नाही."

मी करवतीने खांब कापला. ओतिलिया घसरगाडीवरून उतरून एका पायावर खड्ड्याच्या काठाशी बसली, फावडं खांबाच्या डोक्यावर पालथं घातलं आणि बोटांनी आपटायला लागली. मी मोठ्याने मोजत होते. एक. दोन. मनगटातून दहा झाले. काही नाही.

"बघा," वेंडेलीन म्हणाला.

"तोंड मिट."

कोपरातून. अकरा. बारा.

तेराव्याला आवाज आला. मोठा नाही. कोणीतरी जाड पुस्तक मिटावं तसा. आणि वरचा हात-दीड हात बर्फ टेबलाचा खण ओढावा तसा अखंड सरकून बाहेर आला आणि वेंडेलीनच्या मांड्यांवर बसला. तो खड्ड्यात मागे पडला. मी हसले असते, पण ओतिलियाचा चेहरा पाहिला.

तुटलेला भाग आरशासारखा सपाट होता. तिने हातमोजा काढला, बोटभर बर्फ खरवडला आणि भिंगाखाली धरला. मग भिंग वेंडेलीनपुढे केलं.

"काय दिसतं?"

"पिसं," तो म्हणाला. "बारीक बारीक पिसं. सुंदर आहेत की."

ती बाजूला थुंकली.

"जानेवारीच्या मध्यावर स्वच्छ आभाळाच्या रात्री आल्या असतील. त्या रात्रींत पृष्ठभागावर गोठलेल्या दवाची ही पिसं उगवतात. मग त्यांच्यावर बर्फ पडला. पिसं खाली गाडली गेली, मेली नाहीत. आता घळीचा सगळा बर्फ या पिसांवर बसलाय. खालून सात माणसं साठ साठ किलो घेऊन येतायत, आणि तू म्हणतोस सुंदर. मी इथे असते तर त्या आठवड्यातच दिसली असती. दरीतल्या प्रत्येकाला तेव्हाच कळलं असतं."

"पण तुम्ही नव्हता," वेंडेलीन म्हणाला. आणि मग तो उठला, मांडीवरचा बर्फ झटकला, आणि त्याच्या तोंडावर ते मेणाचं हसू आलं. "मावशी, ऐका. आता कळलं ना? मग झालं. ब्लाझेयला फोन करा, सांगा वारा फिरला, आज तीन. ते जंगलाने येतील. कोणाच्या केसाला धक्का नाही. केंद्रालाही तेच सांगा, आज तीन. मागचं कशाला उकरायचं? एकतीस वर्षांचा तुमचा रकाना आहे. एकतीस! त्याला स्वतःच्या हाताने भोक पाडणार?"

मला वाटलं होतं ओतिलिया त्याच्यावर ओरडेल. ती भिंगाकडे बघत बसली, पिसं वितळून पाणी होईपर्यंत, आणि त्यानंतरही. मला तेव्हा कळलं की ती खरंच विचार करतेय. तो चिकट माणूस तिच्या मनातलंच बोलला होता. मला त्याची किळस आली तितकीच क्षणभर तिचीही आली.

अकरा वीसला तिने फोन लावला. बोटं ओली होती म्हणून फोन फावड्यावर ठेवला, आवाज मोठा करून.

"बोल ग म्हातारे!" ब्लाझेयचा आवाज. मागे पेले वाजत होते, कोणीतरी खोकत होतं. "नवा गुडघा कसा आहे? चालतो की कुरकुरतो?"

"कुरकुरतो. कुठे आहात?"

"दुफाट्यावर. आता उठतोच. तुझा दोन बघितला सकाळी फळ्यावर. दीड वाजता बिअर दारात, वेंडेलीनला सांग बाहेर उभा राहा, या वेळी पिंपं आत आम्ही नेणार नाही."

"घळीने येऊ नका. जंगलाने या."

"का? वारा फिरला?"

वेंडेलीन ओठांनी, आवाज न करता, वारा, वारा म्हणत होता. मान हलवत होता. मुलाला बोलायला शिकवावं तसा.

"वारा फिरलेला नाही," ओतिलिया म्हणाली. "आकडा खोटा होता."

"आजचा?"

"दहा जानेवारीपासूनचा. रोजचा. कोणी खणलंच नाही. मी आत्ता खणून घेतलं, तेराव्याला सुटला. सबंध."

पेल्यांचा आवाज थांबला.

"थांब," ब्लाझेय म्हणाला. "मी दवाखान्यात आलो होतो. तुझ्यासाठी खसखशीची पोळी घेऊन. तोंडावर विचारलं होतं तुला, आकडा तूच देतेस ना? काय म्हणालीस?"

"चौदा नंबर बंद पडत नाही, असं म्हणाले."

"असं म्हणालीस."

"हो."

"फोटो येत होते तुला?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही. रोज सकाळी केंद्राच्या यादीत माझ्या नावापुढे आकडा दिसायचा. मला बरं वाटायचं. मी विचारलं नाही."

हे मला माहीत नव्हतं. वेंडेलीनलाही माहीत नसावं, कारण तो एकदम सरळ उभा राहिला, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं हे त्याच्या खांद्यांवरून दिसलं. आता चिखलात दोघे होते.

"एकोणीस वेळा आलो त्या घळीतून," ब्लाझेय म्हणाला. ओरडला नाही. "एकदा तिथेच बसून पाव खाल्ला आम्ही. ऊन होतं म्हणून." आणि फोन बंद झाला.

मग तिने केंद्राला लावला. तिथल्या माणसाने आधी गुडघ्याची चौकशी केली. ती म्हणाली, "चौदा नंबर. दहा जानेवारीपासून आजपर्यंत सगळं काढून टाका. गाडलेल्या पिसांचा थर आहे, हात-दीड हात खाली, सावलीच्या बाजूला. ते आजच सगळ्यांना कळवा."

"काढून टाकू? सगळे आकडे? मग तिथे काय घालू, बाई?"

"कोरं ठेवा."

"तुमच्या रकान्यात आजवर कोरं—"

"मला माहीत आहे काय आहे ते. कोरं ठेवा."

दुपारभर ती चुलीशी बसली. मी घेवड्याचं सूप केलं. वेंडेलीन लाल जाकीट बदलून आला आणि पाहुण्यांना सांगत फिरला की हमालांना जरा उशीर होतोय, वर हिमस्थिती 'थोडी नाजूक' आहे. नाजूक! जणू स्वतःच जाऊन नाडी बघून आला होता. एका पाहुणीने विचारलं, पण घळ तर तशीच दिसतेय, बर्फ सुटला कुठे? तो तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला आणि दोघं ओतिलियाकडे बघून हसली. ओतिलियाने ते पाहिलं. तिने पाय दुसऱ्या बाजूला ठेवला.

साडेचारला हमाल आले. सातही. ओले, काळेनिळे, दाढ्यांना बर्फ. पिंपं बाहेरच ठेवली, एकानेही उंबऱ्याच्या आत नेलं नाही. वेंडेलीन हात पसरून पुढे झाला, "आले माझे वाघ!" तेव्हा ब्लाझेय त्याच्याकडे न बघता म्हणाला, "बाजूला हो, तुझ्या अंगाला वास येतोय," आणि बाकीचे सहा हसले, पण ते हसणं ऐकावंसं नव्हतं. वेंडेलीनला ती पिंपं एकेक करून आत ओढावी लागली. पाहुणे बघत होते. एकानेही हात लावला नाही.

हमाल सूप प्यायले. कोणी मावशीला टोमणा मारला नाही, कोणी गुडघ्याची चेष्टा केली नाही. एरवी या टेबलाशी एकमेकांच्या आईबापांपर्यंत जातात. त्या दिवशी फक्त चमचे वाजत होते. धाकट्या हमालाने माझ्याकडे मीठ मागितलं, ते ओतिलियाच्या हाताशी होतं. तिने पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही, मी दुसरं देईपर्यंत वाट बघत बसला.

सहा जण चौकटी चढवून बाहेर गेले. ब्लाझेय चहा संपवायला मागे राहिला. पन्नाशीचा माणूस, मान बैलासारखी, वीस वर्षं हिच्या आकड्यावर चाललेला. तो पेल्यात बघत होता.

"ब्लाझेय," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही.

"वेंडेलीन लबाड आहे हे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी एक फोन करून त्याला विचारलं असतं, खणलंस का, तर तो खोटं बोलला असता आणि मला ते आवाजावरून कळलं असतं. म्हणून मी विचारलं नाही. हे तुला सांगायचं होतं. दुसऱ्या कोणाकडून कळू नये."

तो चहा प्यायला.

"उद्या सकाळी मी खुंट वाचणार. झोफ्का खणेल, मी बाजूला बसून बघणार. फावड्याचे घाव मीच घालणार. साडेसहाला आकडा खाली येईल." तिने कुबडी जवळ ओढली. "फळ्यावर लिहिशील का? माझं नाव घालून?"

ब्लाझेयने पेला पालथा केला. उठला, टोपी कानांवर ओढली. रिकामी चौकट एका खांद्यावर टाकली, दुसरा पट्टा चढवला, छातीवरचं बक्कल लावलं. ते एकदा निसटलं, त्याने पुन्हा लावलं. ओतिलिया कुबडीवर भार देऊन अर्धवट उभी राहिली होती.

तो दार उघडून बाहेर गेला आणि बाकीच्यांच्या मागे जंगलाच्या वाटेला लागला.